पडद्याचा फोटो काढणारे हौशीराम सर

मंचरला आमच्या कापडदुकानाला लागून एक लहानशी खोली होती. लग्न होऊन मी या घरात आले ते शहाण्णव साल. तेव्हा त्या खोलीत साड्यांचे रिकामे खोके आणि एक बंद पडलेलं शिलाई मशीन होतं. माझ्या सासऱ्यांनी, सगळे ज्यांना बाबूजी म्हणत त्या सुवालालजींनी, खोके काढून टाकले, एसटीडी बूथ टाकला आणि मला तिथं बसवलं. "बी. कॉम. झालेली मुलगी आहे. घरात किती पापड लाटणार?" एवढंच ते म्हणाले. सासूबाई, प्यारीबाई, दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच माझा डबा घेऊन बूथवर आल्या.

नव्याण्णवच्या दिवाळीत बूथवर कॉम्प्युटर आला. त्याला टेलिफोनची तार जोडली की तो आधी किंचाळायचा, मग खरखर करायचा, आणि नशीब असलं तर इंटरनेट लागायचं. बाहेर मी पाटी लावली: 'येथे ईमेल करून मिळेल'. पहिला महिनाभर लोक येऊन नुसतं बघून जायचे. चौकशी करायला आलेले आणि मग रोज येऊ लागलेले पहिले गृहस्थ म्हणजे हौशीराम सर.

सर मूळचे लोणीचे. घरची शेती धाकट्या भावाकडं सोपवून ते तरुणपणी पुण्याला गेले, मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाले आणि घोडेगावच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसले. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, वाटण्यांचे कागद. अठरा वर्षं त्यांनी तिथं खटखट केली. मग मंचरला येऊन टायपिंगचा क्लास काढला. बारा मशीनं होती. मी आले तेव्हा सगळी चालू असायची आणि रस्त्याच्या पलीकडं, आमच्या दुकानात, गारा पडल्यासारखा आवाज यायचा. नव्याण्णवपर्यंत तीनच मशीनं वाजत होती. पोरांना आता कॉम्प्युटर शिकायचा होता.

सर उंचीनं बेताचे, वय पन्नाशीच्या पुढं. पांढरा शर्ट आणि डाव्या खांद्यावर घडी घातलेला पंचा. पंचा घाम पुसायला असेल असं मला वाटायचं. नंतर कळलं, टाइप करताना मागून कुणी डोकावलं तर ते तो मशीनमधल्या कागदावर टाकायचे. कोर्टातली सवय. एकदा मी सहज विचारलं, "सर, इतकी वर्षं लोकांच्या घरातली भांडणं टाइप केलीत, एखादं सांगा ना."

ते म्हणाले, "रिद्धीताई, ऐकलं ते बोटातनं उतरलं. डोक्यात ठिवलंच न्हाई."

कॉम्प्युटरची त्यांना भीती नव्हती, राग होता. एवढा मोठा कीबोर्ड आणि त्यातल्या निम्म्या कळा कशासाठी आहेत हे कुणालाच सांगता येत नाही, हे त्यांना पटेना. टाइपरायटरवर एकही कळ उगाच नसते. म्हणून त्यांनी एक दोनशे पानी वही आणली. रोज दुपारी, गिऱ्हाईक नसलं की, एकेक कळ दाबायची आणि काय होतं ते वहीत लिहायचं. तीन कळा अशा निघाल्या की त्या दाबून काहीच होत नव्हतं. त्यातल्या एकीवर 'प्रिंट स्क्रीन' लिहिलेलं. सरांनी ती दाबली आणि उठून प्रिंटरपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले. कागद काही आला नाही. वहीत त्यांनी लिहिलं: 'निकामी'.

दोन हजार सालच्या डिसेंबरात, बाजाराच्या दिवशी, गोजरबाई बूथवर आल्या. साठीच्या जवळ आलेल्या, अंगानं भक्कम, डोक्यावरून पदर. त्याही लोणीच्याच, त्यामुळं सरांना ओळखत होत्या. पानाच्या पिशवीतून त्यांनी घडी करकरून मऊ झालेली एक चिठ्ठी काढली. त्यावर ईमेलचा पत्ता होता.

"मास्तर, ह्यावर कागद धाडायचाय. आमच्या भागूला."

भागू म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. एकाच घरात दोन भावांना दोघी दिलेल्या. भागूबाईंचे यजमान लवकर वारले. पुढं त्यांचा मुलगा अमृत इंजिनियर होऊन अमेरिकेत न्यू जर्सीला गेला, तिथं त्याला मुलगा झाला, ऋषी, आणि बाळाला सांभाळायला त्यानं आईला बोलावून घेतलं. बत्तीस वर्षं एका चुलीपुढं बसलेल्या दोघी. आता एक लोणीत आणि एक तिकडं. घरी फोन नव्हता. अमृतनं जाताना ही चिठ्ठी देऊन ठेवली होती.

गोजरबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. भागूबाई चौथी शिकलेल्या. सरांनी पंचा सारखा केला आणि म्हणाले, "सांगा."

आमच्याकडं मराठी अक्षरांची सीडी होती. त्यात टाइपरायटरसारखीच बोटांची मांडणी होती, त्यामुळं सरांचा हात भरभर चालला. आम्ही पत्र मेलमध्ये घातलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी अमृतचं उत्तर आलं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी: काही वाचता येत नाही, नुसती चिन्हं दिसताहेत. त्यानं नमुना परत पाठवला होता. इंग्रजी अक्षरांवर टोप्या, प्रश्नचिन्हं, अर्धवट आकडे. मराठी अक्षरं आमच्या मशीनमध्ये होती, त्याच्या नव्हती.

मी म्हटलं, "सर, आपणही इंग्रजी अक्षरांत लिहू. अमृत वाचून दाखवील आईला."

पुढच्या बाजारी हे गोजरबाईंना सांगितलं तर त्यांनी मानच हलवली. "अमृतनं वाचायचं म्हंजी? ल्योक हाय तिचा. मला जावंला सांगायचं ते त्याच्या तोंडनं जायचं? न्हाई बाई. ती वाचंल असंच धाडा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सर त्या दिवशी लवकर घरी गेले. मला वाटतं, गोजरबाईंचं म्हणणं त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

पंधरा दिवस ते त्याच विचारात होते. चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये मराठी अक्षरं टाकून बघितली, ती जमेनात. अशाच एका दुपारी ते वही घेऊन पुन्हा त्या तीन निकामी कळा दाबत बसले होते. 'प्रिंट स्क्रीन' दाबली, काही झालं नाही. मग चित्राच्या प्रोग्रॅममध्ये गेले आणि आधी काहीतरी कॉपी केलं होतं ते चिकटवायला गेले. ते काहीतरी आलंच नाही. आला तो अख्खा पडदा! वरच्या पट्ट्यांसकट, कोपऱ्यातल्या घड्याळासकट, मघाशी उघडं होतं ते मराठी पत्र, जसंच्या तसं, चित्र होऊन.

"रिद्धीताई!" सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारून सासरे गज घेऊन धावत आले. कापड मोजायचा गज. त्यांना वाटलं शॉक लागला.

"फोटू काढतीय ही कळ," सर म्हणाले. "पडद्याचा फोटू. काढून खिशात ठिवती, आन आपुन मागंपत्तोर देत न्हाई."

त्यांनी वही उघडली, 'निकामी'वर काट मारली आणि शेजारी तारीख घातली.

चित्र असल्यावर अक्षरांचा प्रश्नच नव्हता. ज्याला फोटो दिसतो त्याला मराठी दिसणार. अडचण एकच राहिली: फोटो जड होता. पाठवायला लागलं की दहा दहा मिनिटं जायची आणि मध्येच लाइन तुटायची. तोही उपाय सरांनीच काढला. सेव्ह करताना रंग काढून टाकायचे, नुसतं काळंपांढरं ठेवायचं. फोटो एकदम हलका झाला आणि मिनिटभरात गेला. "पत्राला रंग कशाला पाहिजे," सर म्हणाले.

अमृत ऑफिसात प्रिंट काढून घरी न्यायचा. भागूबाई उत्तर हातानं लिहायच्या, अमृत त्या कागदाचा फोटो करून पाठवायचा आणि सर ते गोजरबाईंना वाचून दाखवायचे. वाचताना ते मला काही ना काही निमित्त काढून बाहेर पाठवत. "ताई, जरा चहाचं बघता का?" मला कळायचं. मी जायची.

लिहिताना मात्र मी तिथंच असायची, कारण कॉम्प्युटर चालू-बंद करणं माझ्याकडं होतं. सर माणूस बोलेल तसंच टाइप करायचे. कोर्टात अठरा वर्षं 'सबब सदरहू अर्जदार' लिहून लिहून ते कंटाळले होते. गोजरबाई 'न्हाई' म्हणाल्या की ते 'न्हाई'च लिहायचे. त्या खोकल्या तर थांबायचे.

फेब्रुवारी संपत आला होता. कांदा काढणीला आलेला. त्या बाजारी गोजरबाई आल्या आणि नेहमीसारखं 'रामराम' न घालता स्टुलावर बसल्या. हळू आवाजात सांगायला लागल्या; मी फोनच्या गिऱ्हाइकाकडं होते, मला शब्द काही कळले नाहीत. सर टाइप करत गेले. पाच-सहा ओळी झाल्या असतील, तशा बाई थांबल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मास्तर, ह्ये काढा. असलं नगं. तिला वाटंल मी रडाया लागले. दुसरं लिव्हा. समदं बरं हाय म्हणून लिव्हा."

सरांनी नवा कागद उघडला. पत्र झालं: इकडं समदं क्षेम हाय, कांदा चांगला आलाय, ऋषीला माजा पापा दे, तू काळजी करू नको. सरांनी कळ दाबली, फोटो काढला, रंग काढले, पाठवून दिला. मग पहिला कागद पुसून टाकला. बाई बाजारला गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी बूथ उघडत होते तेव्हाच आत फोन वाजत होता.

"ताई, मी अमृत बोलतोय, न्यू जर्सीहून. मला खरं सांगा. आमचे तात्या गेले का?"

तात्या म्हणजे सावळाराम. गोजरबाईंचे यजमान, अमृतचे चुलते.

मी गोंधळले. "मला काही माहीत नाही हो," म्हणाले.

त्याच्या मागं कुणीतरी रडत होतं. अमृत म्हणाला, "ताई, आमच्यापासून लपवू नका. आईनं पत्रात वाचलंय."

"थांबा, मी विचारून सांगते," मी म्हणाले. आणि मग लक्षात आलं की मी जे जे बोलतेय त्यानं तात्या जास्तच जाताहेत. शेवटी मी म्हटलं, दोन तासांनी पुन्हा फोन करा, मी खात्री करून ठेवते. फोन ठेवला आणि तशीच समोर क्लासवर पळाले.

सर आले. आम्ही पाठवलेला फोटो उघडला. मोठं पत्र मधोमध होतं, 'समदं क्षेम हाय'. आणि त्याच्या उजवीकडं, नव्या कागदाच्या कडेबाहेर, दोन बोटं रुंदीची एक पट्टी दिसत होती. मागं राहिलेला पहिला कागद. त्यातल्या प्रत्येक ओळीचा फक्त शेवट:

ह्ये गेले
घरात कुणी न्हाई
एकटीच
कुंकू
कळवू नको

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. पडद्यावर बोट ठेवून खालपर्यंत आले आणि मग स्टुलावर बसले. भागूबाई तिकडं कागदावर अशाच बोट ठेवून वाचत असणार. मोठ्या पत्रात सगळं बरं आहे, आणि कडेला हे. आमच्या भागात परदेशातल्या माणसाला घरातलं माणूस गेल्याचं लगेच सांगत नाहीत, हेही त्यांना ठाऊक असणार.

"माज्या हातनं कुणाचा कागद उघडा पडला न्हवता आजपत्तोर," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला त्यांच्याकडं बघवेना.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हौशीराम, बसून काय होणार? व्हॅन घेऊन जा. जिवंत माणूस आणून फोनवर उभा करा, म्हणजे मिटलं." आमच्या ह्यांनी दुकानाची व्हॅन काढली, सर शेजारी बसले आणि ते लोणीला गेले.

पावणेदहाला व्हॅन परत आली. आतून सावळारामतात्या उतरले. कांद्याच्या शेतातून उचललेले, पायांना गुडघ्यापर्यंत माती, टोपी हातात. मागून गोजरबाई, हाताला पीठ. वाटेत सरांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. गोजरबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. तात्यांना मात्र गंमत वाटत होती.

"म्हंजी मी गेलो?" ते मला म्हणाले. "बरं झालं कांदा निम्मा काढून झाल्यावर गेलो."

पाचच मिनिटांत फोन वाजला. मी रिसीव्हर तात्यांच्या हातात दिला, आणि तिथं एक नवीच अडचण उभी राहिली. भागूबाई म्हणजे त्यांची भावजय. धाकट्या भावाची बायको. बत्तीस वर्षांत ते दोघं एकमेकांशी समोरासमोर एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असेल तर ते गोजरबाईंना उद्देशून मोठ्यानं बोलायचे आणि भागूबाई आतून ऐकायच्या. आता अमृतनं फोन आईकडं दिला होता, कारण तिला दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर विश्वास बसत नव्हता.

तात्यांनी टोपी घातली. काढली. पुन्हा घातली.

"हालो," ते म्हणाले. "मी सावळाराम."

पलीकडून काही आलं नाही.

"भागूबाई, मी हाय. मला काय बी झालं न्हाई." ते थांबले. "कांदा काढाया लागलोय. औंदा बरा हाय."

नंतर अमृतनं कळवलं, तात्यांचा आवाज ऐकला तशी त्याची आई खुर्चीवरून उठून उभी राहिली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला. न्यू जर्सीत, रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले, समोर कुणी वडीलधारं नाही. फोनवर 'हं' एवढंच म्हणाली.

तात्यांनी घाईनं रिसीव्हर बायकोच्या हातात दिला आणि कपाळाचा घाम पुसला.

गोजरबाईंनी सुरुवातच केली, "माजा नवरा मारलास की गं तू! जित्याजागत्या माणसाला..." आणि मग त्या ऐकायला लागल्या. बराच वेळ ऐकत होत्या. भागूबाई काय विचारत असतील ते आम्हा सगळ्यांना समजत होतं: तात्या आहेत, तर मग ते 'एकटीच' काय? ते 'कुंकू' काय?

गोजरबाई म्हणाल्या, "ते... ते काय न्हाई." मग त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि काचेला कपाळ टेकवलं.

सर उठले. "चला ताई, भायेर. तात्या, तुमी बी." आम्ही सगळे रस्त्यावर आलो. सरांनी शटर अर्ध्यापर्यंत ओढलं आणि त्याच्यासमोर रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. एक माणूस फोन करायला आला त्याला त्यांनी हातानंच परत पाठवलं. आतून शब्द काही ऐकू येत नव्हते. मध्ये एकदा गोजरबाईंचं हसू ऐकू आलं, लगेच रडू आलं, आणि पुढं दोन्ही एकत्र.

वीसेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या. डोळे सुजलेले, पण चेहरा धुतल्यासारखा मोकळा. यजमानांना म्हणाल्या, "चला. ती तुमच्यासाठी रडत न्हवती, उगा फुगू नका."

पुढच्या बाजाराच्या दिवशी सर बूथवर आले नाहीत. त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की आता पत्रं घेऊ नका, कुणाला पाहिजे तर मी नाही म्हणून सांगा. चार दिवस त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. वहीसुद्धा इथंच पडली होती.

गोजरबाई आल्या, रिकामं स्टूल पाहिलं आणि रस्ता ओलांडून क्लासमध्ये गेल्या. मी त्यांच्या मागं गेले. सर एका बंद मशीनला तेल घालत होते.

"मास्तर, कागद लिव्हायचाय."

"बाई, दुसरं कुनी बघा. माज्या हातात आता ते इश्वासाचं काम ऱ्हायलं न्हाई."

"दुसरं कोण बघू? ही पोरगी? हिला 'न्हाई'चं 'नाही' करायची सवय हाय." हे खरं होतं. एकदा सर आजारी असताना मी पत्र लिहिलं होतं आणि भागूबाईंनी विचारलं होतं की अक्का, म्हणजे गोजरबाई, अशी परक्यासारखी का बोलतीय.

सर तेल घालत राहिले. बाई शेजारच्या मशीनपुढच्या स्टुलावर बसल्या, विद्यार्थ्यासारख्या.

"ते काढाया लावलेलं पत्र हाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. तवाच पुसलं."

"मग परत सांगती. त्या दिशी सांगितलं तसंच माज्या ध्यानात हाय. ह्या टायमाला काढू नका."

सरांनी तेलाची बाटली खाली ठेवली. हात पुसले. ते आले. बूथवर मी कॉम्प्युटर लावला आणि आपण होऊनच बाहेर निघाले, तर गोजरबाई म्हणाल्या, "बस गं. तुज्यापासनं काय ऱ्हायलंय आता."

म्हणून ते पत्र मी ऐकलं. त्यांच्या परवानगीनं ऐकलं, म्हणून सांगते.

"भागू, चार दिस झाले, ह्ये गेले पारगावला पोराकडं. त्यो कारखान्यावर ऱ्हातो, त्याची बायकू बी तिकडंच. सकाळपासनं घरात कुणी न्हाई. भाकरी थापती आन चुलीम्होरं मी एकटीच खाती. आदी तुज्या आरशात बघून लावायची, तू त्यो आरसा पिशवीत घालून नेलास, आता दिस दिस ध्यानात ऱ्हात न्हाई कुंकू लावायचं. ह्ये म्हणत्यात, असलं तिला कळवू नको, ती जीव टाकंल. पर मी म्हणती, टाक. जरा टाक जीव. मी बी टाकतीया हितं."

सरांची बोटं शेवटच्या वाक्यावर जरा हळू झाली. मग त्यांनी पूर्णविराम दिला. उघडं होतं ते दुसरं सगळं बंद केलं. पडद्याच्या चारी कडांवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि मला म्हणाले, "ताई, तुमी बी बघा. काय दिसतंय का कडंला?"

"काही नाही, सर."

तेव्हा त्यांनी कळ दाबली.

भागूबाईंचं उत्तर आठवड्यानं आलं. चार पानं होती. सरांनी मला चहाला पाठवलं आणि यावेळी गोजरबाईंनीही थांबवलं नाही. त्यात काय होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात भागूबाई परत आल्या. ऋषी शाळेत जायला लागला होता. पुढं त्या वर्षातले काही महिने तिकडं आणि बाकीचे लोणीत असं करत राहिल्या. आल्या आल्या दोघी जावा मंचरच्या बाजारला आल्या तेव्हा बूथमध्ये डोकावल्या. भागूबाई किडकिडीत, चष्मा लावलेल्या, पायात पांढरे बूट. सरांना त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच व्हय ते मास्तर? आमच्या तात्यांना मारलं ते?"

सर हसले. इतक्या मोठ्यानं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर त्यांच्याकडं पत्रांची रीघच लागली. बोरीहून, अवसरीहून, पारगावहून लोक यायचे. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाची मुलगी नाशिकला, कुणाचा भाऊ बोटीवर. मराठीतच लिहायचं आणि मराठीतच पोचायचं, हे इथं होतं असं कळलं होतं. पुढं दहावीचे निकाल कॉम्प्युटरवर लागायला लागले तेव्हा सर निकालाच्या पानाचा फोटो काढून मुलांच्या मामाला, चुलत्याला पाठवायचे. तेही आधी विचारून. नापास झालेल्या मुलाला सर आधी खुर्चीवर बसवायचे, पाणी द्यायचे आणि मग विचारायचे, "पाठवू का ऱ्हाऊ दे?"

टायपिंगचा क्लास बंद झाला तो दोन हजार चारला. मशीनं भंगारात गेली, एक सोडून. ते घेऊन सर लोणीला राहायला गेले. मराठी अक्षरं आता सगळीकडं आपोआप दिसायला लागली, फोटोची गरज उरली नाही. मग मोबाइल आले. गोजरबाईंच्या घरीच एक आला. पत्र लिहायला येणारी माणसं कमी झाली, तशी सरांची फेरीही आठवड्यातून एकदाच होऊ लागली. त्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. "बोलता येतंय म्हटल्यावर लिव्हायचं कशाला," म्हणायचे.

दोन हजार आठमध्ये आम्ही नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि जुना एका शाळेला देणार होतो. सरांना हे कळलं तशी ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. "पत्रं पुसायची ऱ्हायलीत," म्हणाले.

आत चारशे बत्तीस फोटो होते. नावं कुणाचीच नव्हती, सरांनी नुसते आकडे दिले होते. मी म्हटलं, सगळे एकदम निवडून एका झटक्यात जातील. ते नको म्हणाले. आम्ही दोघं दुपारभर बसलो. सर आकडा वाचायचे, मी पुसायची. एकही उघडून पाहिला नाही. सत्तावीस नंबरचा आला तेव्हा माझा हात थांबला. तो गोजरबाईंनी मला बसवून ऐकवलेल्या पत्राचा, ते मला पाठ होतं.

"सर, हा एक ठेवू का? माझ्यापाशी. कुणाला दाखवणार नाही."

त्यांनी चष्मा वर केला. रागावले नाहीत. "ताई, तुमाला आवडलंय म्हणून ते तुमचं व्हत न्हाई."

मी पुसलं.

शेवटचा गेला. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, "त्या कचऱ्याच्या डब्यात जात्यात ना आदी? त्यो बी रिकामा करा." मी केला. त्यांनी स्वतः पुढं वाकून, डबा उघडून, आत काही नाही हे पाहिलं. मग खुर्ची मागं सारून दोन्ही हातांची बोटं एकात एक घालून कडाकडा मोडली.

"आता चहा सांगा," ते म्हणाले. "आन बाबूजींना बी बोलवा."